पांढरंफटक आकाश आणि उजेडाचा क्रम

आजचा विषय वरवर पाहिला तर तांत्रिक आहे. फोटोत जमीन नीट येते आणि आकाश पांढरंफटक होतं, हा अनुभव कॅमेरा हातात धरलेल्या प्रत्येकाला आहे. त्यावरचा उपायही सगळ्यांना ठाऊक आहे. एकाच दृश्याचे कमी-जास्त एक्स्पोजरचे दोन-तीन फोटो काढायचे, म्हणजे ब्रॅकेटिंग करायचं, आणि मग एकातलं आकाश व दुसऱ्यातली जमीन घेऊन ते जोडायचे. हे कसं करतात ते आपण आज थोडक्यात बघूच. पण आपलं मुख्य काम वेगळं आहे. अशा जोडलेल्या फोटोकडे समीक्षेच्या नजरेनं कसं बघायचं? त्याला चांगला कधी म्हणायचं, वाईट कधी म्हणायचं, आणि खोटा कधी?

या बाबतीत दोन मतं नेहमी ऐकू येतात. एक म्हणतं, जोडला म्हणजे खोटा. एका क्लिकमध्ये आलं तेवढंच खरं. दुसरं म्हणतं, डोळ्यांना आकाशही दिसत होतं आणि जमीनही, मग दोन्ही दाखवण्यात गैर काय? आम्हाला ही दोन्ही मतं अपुरी वाटतात. किती फोटो जोडले, ही मोजणी फार काही सांगत नाही. विचारायचं ते हे: त्या जागी, त्या वेळी उजेडाचा जो क्रम होता, म्हणजे सगळ्यात उजळ काय होतं, त्याखालोखाल काय आणि सगळ्यात काळोखी काय, तो क्रम फोटोत टिकला की मोडला? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न: जोडलेले तुकडे एकाच वेळेचे आहेत का? आजचं सगळं बोलणं या दोन प्रश्नांभोवती आहे.

आधी आकाश पांढरं का होतं ते बघू. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक लहानसं भांडं समजा. शटर उघडं असेपर्यंत त्यात उजेड भरत जातो. भांडं काठोकाठ भरलं की पुढचा उजेड मोजलाच जात नाही. मग तिथे ढगाची कड असो, उडता पक्षी असो की नुसतं निळं आकाश, नोंद एकच होते: पांढरं. काळोख्या भागात निदान थोडा उजेड साठलेला असतो. तो नंतर वर ओढता येतो. दाणे दिसतात, पण काहीतरी मिळतं. भरून वाहिलेल्या भांड्यातून काहीच परत मिळत नाही.

फोटोग्राफर हे सगळं 'स्टॉप'मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. आजचा चांगला कॅमेरा साधारण १२ ते १४ स्टॉपचा पल्ला एका फोटोत नोंदवतो. पण चकचकीत कागदावरच्या प्रिंटचा पल्ला असतो ६ ते ७ स्टॉपचा. म्हणजे कागदाचा पांढरा त्याच्या काळ्याच्या शंभरपटीच्या आसपास उजळ. बाहेरच्या दृश्यात हा फरक हजारोपटींचा असू शकतो. तेव्हा इथे कामं दोन आहेत. एक, सगळा उजेड नोंदवणं. दुसरं, नोंदवलेला उजेड कागदाच्या किंवा पडद्याच्या छोट्या पल्ल्यात बसवणं. पहिलं काम यंत्राचं आहे. दुसऱ्यात निवड करावी लागते, आणि समीक्षा तिथून सुरू होते.

हा पेच डिजिटल कॅमेऱ्यानं आणलेला नाही. तो जवळजवळ फोटोग्राफीइतकाच जुना आहे. १८५०च्या दशकात काचेवर कलोडियन लावून निगेटिव्ह करत. ते रसायन निळ्या-जांभळ्या उजेडाला फार लवकर प्रतिसाद देई, हिरव्याला उशिरा आणि लालला जवळजवळ नाहीच. त्यामुळे झाडं आणि दगड नीट येईपर्यंत निळं आकाश निगेटिव्हवर दाट काळं होऊन बसे, आणि प्रिंटमध्ये कोरा कागद राही. त्या काळातली शेकडो निसर्गचित्रं बघा. डोंगरावर आकाशच नाही, नुसता फिकट कागद आहे.

गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरनं यातून काढलेली वाट आपण जरा नीट बघू. तो १८२०चा. पॉल दलारोश या चित्रकाराच्या हाताखाली शिकलेला, म्हणजे मूळचा चित्रकारच. १८५७ साली त्यानं दक्षिण फ्रान्समधल्या सेत बंदरावर एक फोटो केला, तो 'मोठी लाट' या नावानं ओळखला जातो. पुढे फुटणारी लाट, मागे धक्का, वर जड ढग. हे सगळं एका निगेटिव्हवर येणं त्या काळी फार कठीण होतं. ल ग्रेनं समुद्र एका निगेटिव्हवरून छापला आणि आकाश दुसऱ्या. तेव्हा निगेटिव्ह थेट कागदाला लावून उन्हात प्रिंट काढत, त्यामुळे एक भाग झाकून दुसरा छापणं हे हातानं करायचं काम होतं. सांधा क्षितिजावर आहे. बारकाईनं पाहिलं तर ढग समुद्राला टेकतात तिथे ते कापल्यासारखे एकदम संपतात.

आता या फोटोला आपले दोन प्रश्न विचारू. पहिला, क्रम टिकला का? आमच्या मते, हो. आकाश ढगाळ असूनही पाणी एकंदरीत त्याहून काळोखं आहे. पाण्यावरची चमक वरून आल्यासारखी वाटते. खालच्या उजेडाला वर कारण सापडतं, म्हणून नजर अडखळत नाही. आणखी एक गोष्ट. सांधा क्षितिजावर ठेवायला ल ग्रेला सोपं गेलं, कारण समुद्रावर निसर्गानंच सरळ रेघ मारून ठेवलेली असते. तिथे झाडांची माथी असती, देवळाचं शिखर असतं, तर त्याचा सांधा उघडा पडला असता. म्हणजे तंत्रानं त्याच्या विषयाची निवडही केली. समुद्रचित्रांसाठी तो गाजला, यात या गोष्टीचाही वाटा आहे.

दुसरा प्रश्न, वेळ एकच आहे का? नाही. ढग वेगळ्या वेळचे आहेत. ल ग्रेनं एकच आकाश एकाहून अधिक समुद्रचित्रांत वापरल्याचीही उदाहरणं आहेत. ती लाट फुटली तेव्हा तिच्यावर ते ढग नव्हते. मग हा फोटो खोटा का? ल ग्रे हे प्रिंट कलाकृती म्हणून दाखवत आणि विकत होता. त्या दिवशीचं सेतचं हवामान आपण सांगतो आहोत, असा त्याचा दावा नव्हता. म्हणून आम्ही असं म्हणू: उजेडाच्या बाबतीत हा फोटो विश्वासाचा आहे, त्या दिवसाची साक्ष म्हणून नाही. ही दोन वाक्यं वेगळी ठेवायची सवय आपण लावून घेतली, तर निम्मे वाद तिथेच मिटतात.

आता त्याच दशकात आपल्याकडे येऊ. कॅप्टन लिनियस ट्राइप हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला अधिकारी. १८५५ साली ब्रह्मदेशात आणि १८५८ साली मदुराईत त्यानं इमारतींचे, देवळांचे फोटो काढले. त्याच्या निगेटिव्ह कागदी होत्या, आणि कोऱ्या आकाशाचं दुखणं त्यालाही होतं. त्यानं काय केलं? निगेटिव्हवर हातानं रंग लावून ढग काढले. प्रिंटमध्ये ते सुंदर दिसतात. बरेच जण ते खरे समजून पुढे जातात. पण ट्राइपचं काम सरकारसाठी वास्तूंची नोंद करण्याचं होतं, म्हणून इथे ल ग्रेपेक्षा कडक माप लावायला हवं. देवळाचा दगड कॅमेऱ्यानं टिपलेला आहे आणि वरचा ढग कुंचल्यानं काढलेला. वास्तूच्या अभ्यासकाचं फारसं बिघडत नाही, पण त्या आकाशावरून ऋतू किंवा वेळ ठरवायला कुणी बसला, तर तो फसेल. फोटो पुढे कुणाच्या हातात कशासाठी जाईल, हे काढणाऱ्याला माहीत नसतं. म्हणून नोंदीच्या फोटोत आकाश कुठून आलं, हे लिहून ठेवणं हा आम्हाला चोखंदळपणा नव्हे, साधा व्यवहार वाटतो.

तिसरं उदाहरण याच्या उलट आहे. इथे जोडकाम अजिबात नाही. अॅन्सल अॅडम्सचा 'मूनराइज, हर्नांडेझ' हा १९४१चा फोटो. न्यू मेक्सिकोमधलं छोटं गाव, मावळतीचं ऊन अंगावर घेतलेले दफनभूमीतले पांढरे क्रूस, वर चंद्र. निगेटिव्ह एकच. घाईत लाइट मीटर सापडेना, तेव्हा चंद्राची माहीत असलेली उजळता धरून त्यानं एक्स्पोजर ठरवलं. पण प्रिंट बघा. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश बरंच फिकं आहे, त्यात पुसट ढग आहेत. नंतरच्या वर्षांत अॅडम्स डार्करूममध्ये आकाश गडद करत गेला, इतकं की ते जवळजवळ काळं झालं. एकच निगेटिव्ह, एकच क्षण, आणि तरी आकाश दर दशकात वेगळं.

हे क्रम मोडणं झालं का? आमचं उत्तर आहे, नाही. चंद्र उगवतो पूर्वेला. सूर्य त्या वेळी कॅमेऱ्याच्या पाठीमागे, पश्चिमेला मावळतीवर. पूर्वेचं आकाश त्या वेळी उन्हातल्या पांढऱ्या क्रूसापेक्षा काळोखं असू शकतं. अॅडम्सनं क्रम उलटवला नाही, पायऱ्यांमधलं अंतर वाढवलं. इथे आजचा सगळ्यात महत्त्वाचा भेद आहे. अंतर कमी-जास्त करणं म्हणजे अर्थ लावणं. ते प्रत्येक प्रिंटमध्ये होतंच, कारण शंभरपटीत हजारोपटी बसवायच्या असतात. क्रम उलटा करणं म्हणजे तिथे नसलेला उजेड तिथे होता असं सांगणं.

इथे एक सावधगिरी. 'आकाश नेहमी जमिनीपेक्षा उजळ' असा सरसकट नियम करू नका. ढगाळ दिवशी आकाश हाच दिवा असतो, तेव्हा ते बहुतेक सगळ्याहून उजळ असतं. पण स्वच्छ उन्हात, सूर्याकडे पाठ करून पाहिलं, तर उन्हातली चुन्याची भिंत निळ्या आकाशाहून उजळ असते. म्हणून क्रम पुस्तकातून घ्यायचा नाही, जागेवर बघायचा. डोळे बारीक करून पाहा. उजळ-काळोखीच्या तीन-चार पायऱ्या लगेच कळतात.

आता संगणकाकडे वळू. १९९७ साली पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फोटोंमधून दृश्यातल्या उजेडाची खरी प्रमाणं परत काढण्याची पद्धत मांडली. तिच्यातून मिळतो उजेडाचा नकाशा. या टप्प्यावर क्रम शाबूत असतो. किंबहुना कुठल्याही एका फोटोपेक्षा जास्त नेमका असतो. तो नकाशा पडद्यावर बसवताना पुढची निवड होते. २००७ साली मेर्टन्स, काउट्झ आणि व्हान रीथ यांनी आणखी थेट रस्ता काढला. नकाशा करायचाच नाही. प्रत्येक फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला गुण द्यायचे आणि जास्त गुणांचा पिक्सेल जास्त प्रमाणात घ्यायचा. गुण तीन गोष्टींना: कॉन्ट्रास्ट, रंगाचा गडदपणा, आणि उजळतेत मध्याच्या जवळ असणं.

हा तिसरा निकष समीक्षकानं लक्षात ठेवण्यासारखा आहे. मध्याच्या जवळ असण्याला गुण! म्हणजे ढगही मध्यम हवा आणि सावलीही मध्यम हवी. जे फार उजळ आहे ते खाली आणायचं, जे फार काळोखी आहे ते वर चढवायचं. पद्धत उपयोगी आहे, बऱ्याचदा निकाल छान येतो, पण तिचा कल असा आहे हे माहीत हवं. सगळेच मध्यम झाले की क्रमातल्या पायऱ्याच दिसेनाशा होतात. आपण ज्यांना 'एचडीआरवाले' फोटो म्हणून नाक मुरडतो, त्यांची खूण बहुतेक वेळा हीच असते: राखाडी-निळं जड आकाश, आणि त्याखाली त्याहून उजळ गवत. पावसाळी ढगांचा दिवस, ऊन नाही, आणि गवत चमकतंय. कशामुळे चमकतंय? दिवा त्यानं उजळलेल्या वस्तूपेक्षा मंद दिसतो आहे. बघणाऱ्याला तंत्र माहीत नसतं, पण 'काहीतरी चुकतंय' हे त्याला लगेच कळतं.

हातानं जोडणाऱ्यांसाठी दोन शब्द. ट्रायपॉड लावा. अॅपर्चर, आयएसओ, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तसेच ठेवा. बदलायचा तो फक्त शटरचा वेग. अॅपर्चर बदललं तर पुढची-मागची स्पष्टताच बदलते, आणि तुकडे जुळत नाहीत. दोन-दोन स्टॉपच्या फरकानं तीन फोटो बहुतेक वेळा पुरतात. मग फोटो एकावर एक लेयरमध्ये ठेवून मास्कनं आकाश उघडं करायचं. मास्कची कड फार मऊ केली तर डोंगराच्या रेषेला उजळ किनार येते. फार कडक केली तर डोंगर कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा दिसतो. वाऱ्यानं हललेली फांदी दोन फोटोंत दोन ठिकाणी असते आणि तिचं भूत उरतं. ल ग्रेला सरळ क्षितिज मिळालं होतं. सह्याद्रीच्या कातळकड्यावर, झाडोऱ्यातून डोकावणाऱ्या बुरुजावर ती सोय नाही. पण या कारागिरीच्या चुका झाल्या. त्या सुधारता येतात. क्रमाची चूक सुबक मास्कनं झाकली जात नाही.

एक जवळचं उदाहरण घेऊ, कार्ल्याचं चैत्यगृह. ते पश्चिमेकडे तोंड करून आहे. दर्शनी भागात कमानीची मोठी खिडकी आहे. उजेड तिथून आत येतो, मधल्या दालनातून आतल्या स्तूपापर्यंत पोचतो, आणि खांबांच्या मागच्या बाजूच्या वाटा काळोखात राहतात. आतून दाराकडे तोंड करून फोटो काढा. खिडकीतलं आकाश पांढरंफटक, किंवा आतलं सगळं काळं. ब्रॅकेटिंगसाठी याहून योग्य जागा सापडणार नाही. पण इथे किती जोडायचं? खिडकीतल्या आकाशाला थोडा रंग आणा, छताच्या लाकडी फासळ्या ओळखू येऊ द्या, इथपर्यंत ठीक. पुढे जाऊन बाजूच्या वाटाही मधल्या दालनाइतक्या उजळ केल्या, तर फोटोत दगडाची माहिती वाढेल आणि चैत्य हरवेल. कारण उजेड कुठे पडावा आणि कुठे नाही, हे त्या इमारतीच्या रचनेतच आहे. तिथला काळोख ही कॅमेऱ्याची उणीव समजून भरून काढली, तर आपण त्या अनामिक कारागिरांचं काम खोडतो. स्तंभशीर्षांचा अभ्यास करायचा असेल, तर त्यांचा वेगळा, उजळ फोटो काढा. त्याला कुणाची हरकत नाही. पण 'हे आहे कार्ल्याचं चैत्यगृह' म्हणून दाखवायच्या फोटोत काळोखाला त्याची जागा हवी.

हे सगळं फक्त सौंदर्याचं प्रकरण आहे, असं वाटत असेल तर आणखी एक गोष्ट. २०१३ साली वर्ल्ड प्रेस फोटोचा मुख्य पुरस्कार पॉल हान्सन यांच्या फोटोला मिळाला. गाझातल्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या लहान मुलांचे मृतदेह उचलून माणसं अरुंद गल्लीतून चालली आहेत, असा तो फोटो. काही काळानं आरोप झाला की तो अनेक फोटो जोडून केलेला आहे. संयोजकांनी मूळ रॉ फाइल तज्ज्ञांकडून तपासून घेतली. निष्कर्ष असा आला की रंग आणि छटांवर काम केलेलं आहे, पण जोडकाम झाल्याचं दिसत नाही. म्हणजे फोटो एकाच क्षणाचा होता. तरी लोकांना शंका आली, कारण चेहऱ्यांवरचा आणि भिंतींवरचा उजेड त्यांना सिनेमातल्यासारखा वाटला. यातून आम्ही शिकतो ते हे की प्रेक्षक जोड मोजत नाही. तो उजेडावर विश्वास ठेवतो किंवा ठेवत नाही. आणि तो विश्वास उडाला तर नुकसान फोटोग्राफरचं एकट्याचं होत नाही. ज्या मुलांबद्दल बोलायला हवं होतं, ती बाजूला राहतात आणि चर्चा फाइलची होते.

शेवटचा मुद्दा आपल्या खिशातल्या फोनचा. २०१० साली आयफोनमध्ये एचडीआर आलं, तेव्हा ते आपण चालू-बंद करत होतो. पुढे गूगलच्या एचडीआर प्लसनं वेगळा मार्ग घेतला: एकाच कमी एक्स्पोजरचे अनेक फोटो झपाट्यानं काढायचे, म्हणजे आकाश फाटत नाही, आणि ते एकत्र करून सावलीतले दाणे घालवायचे. हे क्षणार्धात होतं, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचं, वेळेचं, उत्तर फोन ल ग्रेपेक्षा कितीतरी चांगलं देतो. पण पहिला प्रश्न तो आपल्याला विचारत नाही. सावली किती उघडायची, आकाश किती खाली आणायचं, हे आधीच ठरलेलं असतं. पावसाळ्यात भरून आलेली दुपार आपल्याला काळोखी वाटली म्हणून आपण फोटो काढतो, आणि फोन ती नीटनेटकी, मध्यम उजेडाची करून परत देतो. अशा वेळी एक्स्पोजर हातानं खाली ओढायला दोन सेकंद लागतात. तेवढे द्यावेत.

तर जोडलेला फोटो समोर आला, की ही तपासणी करून बघा. यात सगळ्यात उजळ काय आहे, आणि ते तसं असायला कारण आहे का? सावल्या ज्या बाजूला पडल्यात, त्याच्या उलट बाजूला उजेड आहे का? काळोख उरला आहे का, आणि नसला तर तो कुणी, कशासाठी काढून टाकला? आणि हा फोटो साक्ष म्हणून दिला आहे की चित्र म्हणून? एवढं विचारल्यावर तो एका क्लिकचा आहे की पाच, हे कळलं नाही तरी फारसं अडत नाही. आकाशाचे ढग परत मिळवणं ही आता सोपी गोष्ट झाली आहे. त्या ढगांखाली किती उजेड होता हे जो विसरत नाही, त्याचा फोटो आम्ही चांगला म्हणू.

आता प्रश्न घेऊ या.